हेल्वीच्या कार्डाचा कागद

७ जानेवारी, मंगळवार

इडाबाईंची यादी आज आली. बावीस नावं, बावीस पत्ते. प्रत्येकाने आपल्या डार्करूममध्ये स्वतःच्या हाताने फोटो छापायचा, त्याच्या पाठीवर पत्ता आणि चार ओळी लिहायच्या, तिकीट लावायचं आणि पेटीत टाकायचं. महिन्याला एक. नियम एकच, तो यादीच्या माथ्यावर जाड अक्षरात टाइप केलेला आहे. कार्ड उघडंच जायला हवं. पाकिटात घालून पाठवलं की नाव कटलं. इडाबाई क्रोकर कॅनडात, नोव्हा स्कोशियात राहतात, वय एक्क्याऐंशी, आणि नाव कापलेले लोक अजून त्यांच्या विनवण्या करतात असं ऐकतो.

वर्तमानपत्राच्या डार्करूममध्ये मी बावीस वर्षं काढली. ती बंद झाल्यावर हार्डवेअरच्या दुकानात खिळे विकले. आता सहासष्टाव्या वर्षी पुन्हा ट्रे मांडलेत, तेही सौनात, म्हणजे आम्हा फिनिश लोकांच्या वाफेच्या न्हाणीघरात. बाबांनी बांधलेला सौना मागच्या अंगणात नुसता उभा होता. एकट्यासाठी दर शनिवारी लाकडं कोण पेटवणार? त्याला खिडकी नाही, पाणी जायला मोरी आहे, बसायच्या फळ्यांवर फोटो वाळत घालता येतात. डार्करूमला आणखी काय लागतं.

यादीच्या खाली मी पेनाने तेविसावं नाव लिहिलं. हेल्वी. माझी मोठी बहीण, दुलुथला असते, इथून गाडीने साडेचार तास. पाच वर्षांत आम्ही बोललेलो नाही. तिचा नवरा डेल गेला तेव्हा बर्फाचं वादळ होतं, रस्ते बंद होते, मला अंत्यविधीला जाता आलं नाही. ते तिने मनाला लावून घेतलं. मग साथ आली, तेव्हा तर कुणीच कुणाकडे जात नव्हतं. खरं सांगायचं तर माझी सोयच झाली.

आता मात्र वाटतं, तिचं एखादं उत्तर यावं. माझ्या रक्ताचं असं तीच एक उरली आहे. फोन करायचा तर बोलावं लागतं. कार्डाचं तसं नाही.

तेव्हा प्रश्न उरतो कागदाचा.

११ जानेवारी, शनिवार

डार्करूमचे कागद दोन जातींचे. एक खरा कागद. दुसरा प्लास्टिकवाला, म्हणजे दोन्ही अंगांनी प्लास्टिकचा पातळ लेप दिलेला. प्लास्टिकवाला दोन मिनिटांत धुऊन होतो, सपाट वाळतो, हल्ली निम्मे लोक तोच वापरतात. खऱ्या कागदाला तासभर वाहतं पाणी लागतं आणि वाळताना तो पापडासारखा वळतो. पण त्यावर उमटणारा काळा रंग बघावा. पेपरात असताना आम्हाला घाईपायी प्लास्टिकवालाच मिळायचा, आणि मी दर वेळी मनातल्या मनात शिव्या द्यायचो.

हेल्वीला पाठवायचं म्हणजे खराच कागद, दुहेरी जाडीचा. काल दिवसभर चोवीस छापले, एक जास्तीचा. गोठलेलं सरोवर आणि जुन्या धक्क्याचे खांब. वाळल्यावर सगळे धनुष्यासारखे वाकले, म्हणून आईच्या फिनिश बायबलाखाली आणि रंगाच्या दोन डब्यांखाली दाबून ठेवलेत.

मजकूर काय लिहावा यात बराच वेळ गेला. शेवटी लिहिलं, "हेल्वी, हे दुहेरी जाडीच्या खऱ्या कागदावर छापलं आहे. बर्फ आतापर्यंत एकशे दहा इंच. कार्ड नीट पोचलं का ते कळव. ऑस्मो."

मोजकं आणि मुद्द्याचं झालं.

१४ जानेवारी, मंगळवार

पोस्टात लुएला होती. तिथे तीच असते. आम्ही पहिलीपासून एका वर्गात, त्यामुळे तिला माझ्याशी कसंही बोलायचा परवाना आहे असं तिला वाटतं.

"हे काय, घरातली पाकिटं संपली वाटतं?"

"नियम आहे. उघडीच पाठवायची."

"मग मी वाचणार हो. आधीच सांगून ठेवते."

"वाच की. लपवण्यासारखं काय आहे त्यात."

तिने खरोखर वाचली. चष्मा नाकावर सरकवून, एकेक, तेवीसच्या तेवीस. हेल्वीचं कार्ड हातातच ठेवलं.

"पाच वर्षांनी बहिणीला लिहितोयस, आणि कागद किती जाड आहे ते सांगतोयस?"

"तिला रस आहे त्यात."

"हेल्वीला? कागदात?"

माझ्या मागे दोन माणसं उभी होती म्हणून सुटलो.

३० जानेवारी, गुरुवार

आतापर्यंत अकरा कार्डं आली. ओरेगॉनच्या एका बाईने तिच्या कोंबड्यांचा फोटो पाठवलाय, कडा काळ्या सोडून, मोठा सुबक. टेक्ससच्या एका गृहस्थाने तीन ओळींत आपल्या गुडघ्याची शस्त्रक्रिया सांगितली आणि चौथ्या ओळीत विचारलं, तिकडे एकटे आहात का हो? अनोळखी माणसाला काय हे प्रश्न. सगळी कार्डं स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी करून ठेवलीत.

हेल्वीचं नाही.

चूक माझीच आहे. खरा कागद कितीही दाबला तरी हवा लागली की पुन्हा वळतो. टपालाची छाटणी आता मशीन करतं, त्याला सपाट वस्तू लागते. वाकलेलं कार्ड कुठेतरी रुळांत अडकून फाटलं असणार. बाकीच्या कुणाची तक्रार नाही आणि नेमकं तिचंच अडकलं, पण एखाद्याचं नशीब तसं असतं.

या खेपेला प्लास्टिकवाला घेतो. खऱ्या कागदाचा मान गेला तर गेला.

३ फेब्रुवारी, सोमवार

प्लास्टिकवाला घेतला आणि नवीनच घोडं अडलं. त्याच्या पाठीवर शाई बसत नाही. तासाभराने बोट फिरवलं तर दुलुथमधला दु गेला आणि लुथ उरला. तिकीटही एका कोपऱ्यातून उचकटतं. तरी सगळी कार्डं फुंकर मारून मारून वाळवली. हेल्वीला लिहिलं, "या वेळी कागद प्लास्टिकवाला आहे, काळा तितकासा खोल नाही, समजून घे. अक्षर पुसलं नाही ना ते कळव. बर्फ एकशे सत्तेचाळीस."

१० फेब्रुवारी, सोमवार

शंका खात होती म्हणून हेल्वीला तेच कार्ड पुन्हा पाठवलं, या वेळी न पुसणाऱ्या मार्करने लिहून. त्या मार्करला रॉकेलसारखा वास येतो. तिचं अशा वासाने पूर्वी डोकं दुखायचं हे पेटीत टाकल्यावर आठवलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

इडाबाईंचं कार्ड. मी त्यांना माझी अडचण कळवली होती, नावगाव न घेता, एक कार्ड पोचत नाही एवढंच. त्यांचं अक्षर किरटं पण पक्कं आहे :

"ऑस्मो, तुमचं कार्ड मिळालं. मशीनने एक कोपरा चावलाय, त्याने फोटोला शोभाच आली. कार्ड पोचलं नाही तर ते तुमच्याकडे परत यायला हवं, पाठवणाऱ्याचा पत्ता असतो ना त्यावर? आलं का परत? तरी शंका असेल तर स्वतःच्याच पत्त्यावर एक टाकून बघा. ते मिळालं तर कागदाचा पिच्छा सोडा. इ. क्रोकर."

परत काही आलेलं नाही. म्हणजे हरवलंच.

स्वतःला एक टाकतो. त्यात काय मोठंसं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

माझं मला टाकलेलं कार्ड आज आलं. एकही ओरखडा नाही, अक्षर स्वच्छ. टपालपेटी उघडली आणि आत हाताने लिहिलेलं माझं नाव बघून क्षणभर आनंद झाला, हे इथे लिहायला लाज वाटते. मग आठवलं की आपलंच आहे.

पोस्टात गेलो तर लुएला म्हणाली, "पोचलं ना? मग आता काय दुखतंय?"

"हे गावातल्या गावात. त्याला काय होतंय."

"गावातल्या गावात? अरे बाबा, इथलं टपाल आधी दोनशे मैलांवर छाटायला जातं आणि तिथून परत येतं. तुझं कार्ड तुझ्यापेक्षा जास्त हिंडून आलंय."

"दुलुथची मशीनं वेगळी असतील."

"नाचता येईना, अंगण वाकडं," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, तिकिटांचा गठ्ठा नीट लावत म्हणाली, "ऑस्मो, ती तुझ्यावर रागावली आहे. डेलच्या वेळेपासून."

"वादळ होतं. रस्ते बंद होते."

"वादळ शनिवारी आलं. अंत्यविधी गुरुवारी होता. मी त्या गुरुवारी दुलुथलाच डोळे दाखवायला गेले होते. रस्ता कसा, हाताच्या तळव्यासारखा कोरडा."

मी तिकिटं घेतली आणि निघालो. लुएलाची स्मरणशक्ती आता पूर्वीसारखी राहिली नाही. मोतीबिंदू झालेल्या बाईला रस्ता दिसला काय आणि न दिसला काय.

१ मार्च, शनिवार

मॅट कागद मागवला होता, खराच कागद पण पातळ आणि बिनचमकीचा. पातळ असल्याने कमी वळतो, खरा असल्याने शाई धरतो. दोन्ही दुखण्यांवर एक औषध. आधी का सुचलं नाही कोण जाणे.

त्याची एक खोड आहे. लाल दिव्यात त्याची पाठ आणि पोट सारखीच दिसतात. आमच्या धंद्यातली जुनी युक्ती अशी, की कोपरा ओल्या ओठाला लावायचा. जी बाजू चिकटते तिच्यावर चांदीचा लेप, फोटो तिच्यावरच छापायचा. पण थंडीने माझे ओठ इतके फुटलेत की दोन्ही बाजू चिकटल्या. चार कागद पालथे छापले गेले. त्यांवर फोटो उमटला खरा, पण फिकट आणि उलटा, धक्का डावीकडचा उजवीकडे. पेपरात असताना हे झालं असतं तर बाकीचे आठवडाभर हसले असते. फळीवर बसून मीच थोडा हसलो. सौनात आवाज घुमतो, ते काही बरं वाटलं नाही.

हेल्वीला चौथं कार्ड टाकलं. "हा मॅट कागद. बर्फ दोनशे एक. उत्तर नाही आलं तर मी समजेन की हाही चालत नाही."

८ मार्च, शनिवार

पाचवं टाकलं. एका बंद पडलेल्या स्टुडिओतून पोस्टकार्डांचाच जुना कागद मिळाला, पाठीवर पत्त्याच्या रेघा छापलेला, माझ्या वयाचा असेल. म्हातारा झाल्याने सगळे फोटो करडे येतात, धुक्यातून काढल्यासारखे. तसं तिला लिहून कळवलं.

नोंद : वळणं, शाई पुसणं, मशीनमध्ये अडकणं, तिकीट सुटणं. चारही कारणं आता संपली.

१२ मार्च, बुधवार

शेजारच्या वेसने पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, आणून दिल्या, त्याच्या बायकोने जास्तीच्या केल्या होत्या. दारातच म्हणाला, "सौनाच्या धुराड्यातून धूर दिसत नाही हल्ली. आग पेटवत नाहीस?"

म्हटलं, आत फोटो आहेत.

"फोटो बाहेर काढ, आणि मला बोलाव," म्हणाला आणि गेला. एक पास्टी खाल्ली, दोन ठेवल्यात. तीन माणसांच्या होत्या.

१५ मार्च, शनिवार

कागद नीट पारखायचा तर निगेटिव्हही तसं हवं. निव्वळ पांढरा, निव्वळ काळा आणि मधल्या सगळ्या छटा ज्यात आहेत असं. म्हणून आज जुनी खोकी काढली. पेपरातली सवय अशी, की निगेटिव्हच्या प्रत्येक पाकिटावर तारीख, जागा आणि उजेड लिहायचाच. उजेड लिहिला नाही तर छापताना अंधारात चाचपडावं लागतं. तेव्हापासून आजवर मी एकही पाकीट बिनउजेडाचं ठेवलेलं नाही.

हवं तसं एक सापडलं. फाटकापाशी उभं राहून रस्त्याकडे घेतलेलं. दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग, मधून काळा डांबरी रस्ता, आणि त्यावर माझ्या गाडीची सावली, कडा अशा धारदार की बोट कापेल. पारखायला याहून चांगलं मिळायचं नाही.

पाकिटावर माझ्याच अक्षरात आहे : २० फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी आठ. फाटक. लख्ख ऊन.

वर्ष पाच वर्षांपूर्वीचं आहे.

एखाद्या वादळाच्या आधी तासभर ऊन पडतं कधीकधी.

१६ मार्च, रविवार

चर्चला गेलो नाही. सकाळी सौनात गेलो तो दुपारी बाहेर आलो. जे झालं ते झालं तसं लिहितो.

शाईचा प्रश्न कायमचा मिटवायला मी एक बेत केला होता. खऱ्या कागदाच्या पाठीवर मऊ पेन्सिलने आधीच लिहायचं, छापायच्याही आधी, लाल दिव्यातच. पेन्सिल औषधात विरघळत नाही, पाण्यातही जात नाही. आम्ही पेपरात पाठीवर नंबर असेच टाकायचो. फक्त एवढा मजकूर टिकतो का ते पाहायचं होतं, म्हणून कार्डाएवढा कागद कापला, पालथा ठेवला आणि पेन्सिल हातात घेतली. चाचणीसाठी काहीतरी वाक्य हवं होतं.

मी लिहिलं, "हेल्वी, डेलच्या दिवशी वादळ नव्हतं."

चाचणीला तेवढं पुरलं असतं. पण हात थांबला नाही. सौनात खिडकी नाही, लाल दिव्यात स्वतःचा हातसुद्धा दुसऱ्याचा वाटतो. मी पुढे लिहिलं, "रस्ता कोरडा होता, हा बघ. मी काळा कोट घालून गाडीत बसलो आणि फाटकापर्यंत आलो. तुझ्या शेजारी बसायचं आणि काय बोलायचं ते सुचेना. मी घाबरलो. उतरून हा फोटो काढला आणि परत फिरलो. आईच्या वेळी तू शेवटपर्यंत माझा हात सोडला नव्हतास. ऑस्मो."

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि ती सतरा. तिलाही आईच गेली होती. हे मला आज, साठ वर्षांनी, लाल दिव्यात उमगलं.

मग कागद सुलटा केला, ते निगेटिव्ह लावलं, बारा सेकंद उजेड दिला आणि ट्रेमध्ये सोडला. आधी सावली आली, मग रस्ता. औषधं, मग पाणी, तासभर. पेन्सिल राहिली. उलट धुऊन जरा जास्तच ठळक झाली. बाहेर उन्हात नेऊन वाचलं. पाच वर्षं मी वादळ वादळ करत होतो, आणि सगळा वेळ हे निगेटिव्ह माझ्याच खोक्यात, माझ्याच अक्षरातल्या तारखेसकट पडून होतं.

कार्ड वळलंय थोडं. तसंच जाऊ दे.

१८ मार्च, मंगळवार

पोस्टात जाताना तीनदा वाटलं, पाकिटात घालावं. इडाबाईंना कोण सांगायला जातंय? हेल्वी तर त्यांच्या यादीतही नाही. पण पाकीट केलं की ती उघडेलच असं नाही. उघडं कार्ड वाचलं जातंच, नको असलं तरी नजर जाते.

लुएलाने हात पुढे केला. मी कार्ड दिलं आणि खिडकीबाहेर बर्फ काढणाऱ्या गाडीकडे बघत राहिलो. ती वाचायला लागली. रोज तिचं वाचणं आवाजी असतं, मध्येच हं म्हणणं, मध्येच हसणं. आज काही नाही. 

मग म्हणाली, "हे मशीनला नाही देत. हाताने शिक्का मारते."

शिक्का मारला, कार्ड फोटोची बाजू वर करून ट्रेमध्ये ठेवलं, आणि माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

१९ मार्च, बुधवार

मूर्खपणा झाला. पोस्ट उघडायच्या आधी जाऊन दारात उभा राहिलो.

"कालचं कार्ड परत हवंय."

"गेलं."

"परत मागवता येत असेल ना? काही फॉर्म वगैरे?"

"असतो फॉर्म."

"मग दे."

"संपलेत," लुएला म्हणाली.

तिच्या मागच्या फडताळात फॉर्मांचा हा एवढा गठ्ठा दिसत होता, पण ते बहुतेक दुसरे कसले तरी असतील.

२७ मार्च, गुरुवार

यादीतल्या मंडळींची सहा कार्डं आली. वाचली नाहीत, खिडकीतही लावली नाहीत. एप्रिलचं छापायला घ्यायला हवं, कागद कुठला घ्यायचा हे ठरवायला बसलो आणि लक्षात आलं की मला त्यात आज काही गोडी नाही. हा मॅट की तो चमकीचा. काय फरक पडतो.

मला बहिणीचं उत्तर हवंय. हे एवढं साधं वाक्य लिहायला मला जानेवारीपासून मार्चपर्यंत वेळ लागला.

१ एप्रिल, मंगळवार

नाही.

३ एप्रिल, गुरुवार

लुएला स्वतः दारात आली, घरोघर टपाल टाकणारा टपालवाला असताना. गाडी चालूच ठेवली होती. म्हणाली, "इकडूनच चालले होते." इकडून कुठेच जाता येत नाही, माझ्या घरापुढे रस्ता संपतो.

"मी वाचलंय," तिने सांगितलं. "उघडं होतं."

"तू सगळंच वाचतेस."

"आत जा आणि बसून वाच," ती म्हणाली आणि गेली.

दुकानातलं कार्ड, दुलुथच्या पुलाचं, रंगीत. साध्या बॉलपेनने लिहिलेलं. जसंच्या तसं उतरवतो :

"ऑस्मो, सहाही कार्डं आली. एकाचंही अक्षर पुसलेलं नव्हतं, कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता. पहिल्या पाचांवर उत्तर देण्यासारखं काही लिहिलेलं नव्हतं. रस्ता कोरडा होता हे मला तेव्हाच माहीत होतं. तुझ्याच गावचा पाद्री त्याच रस्त्याने आला होता. माझ्या शेजारची खुर्ची मी तुझ्यासाठी धरून ठेवली होती, शेवटपर्यंत तिच्यावर माझी पर्स होती. मी रागावले होते आणि अजून रागावलेली आहे. रागावलेल्या माणसाच्या घरीही येता येतं. शनिवारी मी घरीच असते. हेल्वी."

बसूनच वाचलं. 

५ एप्रिल, शनिवार

ॲशलंडच्या पेट्रोल पंपावर, गाडीत बसून लिहितोय. दुलुथ अजून दीड तास. शेजारच्या सीटवर वेलदोड्याचा गोड निसू ब्रेड आहे, वेसच्या बायकोने दिलेला, आणि काही नाही. फोटो घेतले नाहीत.

तिथे जाऊन काय बोलायचं ते अजूनही सुचलेलं नाही. पाच वर्षांपूर्वी जितका घाबरलो होतो तितकाच घाबरलोय, कणभर कमी नाही.  इथपर्यंत येताना दोनदा गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबलो. दोन्ही वेळा पुन्हा निघालो तो तिच्याच दिशेने.